घनढेकर युद्ध

आमचं दुकान म्हणजे पुढे झेरॉक्स, मागे राक्षस. पुढच्या काउंटरवर मी लोकांची ओळखपत्रं लॅमिनेट करतो आणि त्यांच्या फोटोंना मनातल्या मनात नावं ठेवतो. मागच्या खोलीत माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, साहसं लिहितो आणि वहिनी त्यांची चित्रं काढून पानं लावते. साहसं म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या गोष्टी. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले योद्धे, चोर, मांत्रिक होतात आणि कोण जगलं, कोण मेलं ते फासे ठरवतात. पन्नाशीची माणसं पोटापाण्यासाठी हे करतात, यावर माझ्या सासऱ्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

खेळाचे नियम आमचे नाहीत, एका मोठ्या कंपनीचे आहेत. पण कंपनीनं फार पूर्वी जाहीर केलं होतं: आमचे नियम घ्या, त्यांवर तुमची साहसं रचा, विका, विचारायला येऊ नका. परवान्यात 'कायमचा' असा शब्दही होता. दादा इतका खूश झाला की त्यानं आपल्या पुस्तकाच्या मागच्या पानावर तसंच छापलं: 'घ्या, खेळा, छापा.' त्या पहिल्याच पुस्तकात एक राक्षस होता, घोर. आमच्या बाबांच्या घोरण्यावरून सुचलेला. तो गुहेत झोपलेला असतो. घोरणं ऐकू येतंय तोवर ठीक. थांबलं की पळा. कंपनीला घोर आवडला. दादानं मागच्या पानावर मुभा दिलेलीच होती, त्यांनी तो उचलून आपल्या जाडजूड पुस्तकात घातला आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात दादाचं नाव. दादा ते पान गल्लीभर दाखवत हिंडला होता.

आता कंपनी म्हणते, 'कायमचा' म्हणजे इतका काही कायमचा नव्हे. नवा करार आलाय. तुम्ही जे रचाल ते आम्ही न विचारता वापरू. छापण्याआधी मजकूर आम्हाला दाखवा. आणि सोबतच्या यादीतली नावं वापरू नका, ती आमची आहेत.

यादीत 'घोर' होता.

"म्हणजे माझ्याच पोराला मी आता शेजाऱ्याचा मुलगा म्हणायचं," दादा म्हणाला.

"सही करू नकोस."

"आणि काय करू? भांडू? माझ्यात आता तेवढा दम नाही रे. पुस्तक तयार आहे, तुझ्या वहिनीनं डोळ्यांची वाट लावून चित्रं काढलीत. घोर काढ, दुसरं नाव घाल, पाठवून दे. मंजूर झालं की सही करतो आणि सुटतो."

वहिनीनं कागदावरचे खोडरबराचे कण तेवढे फुंकले.

"नाव काय घालू?"

"घाल काहीही."

मला 'काहीही' म्हणणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत आणि वर राखीव काडेपेटी. बाबा घोरायचे तसे ढेकरही द्यायचे, शेजारची भांडी वाजतील असे. मी 'घोर'च्या जागी 'ढेकर' टाइप केलं, 'सगळीकडे बदला' हे बटण दाबलं आणि पुन्हा न बघता फाइल कंपनीकडे पाठवली. मीही दमलेलोच होतो. दमल्यावर वात्रटपणासुद्धा उरकल्यासारखा होतो.

दुपारी मागून हाक आली. "भाऊजी, जरा इकडे या. 'राजकन्या बिनढेकर झोपली' हे काय आहे?"

मी डोकावलो. वहिनी वाचत होती. "'भिंतीवरून एक ढेकरपड सरसर वर गेली.' 'म्हातारीच्या जिवाला ढेकर लागला.' 'दोन्ही सैन्यांत घनढेकर युद्ध पेटलं.' आणि हा कोण? अढेकरी मांत्रिक?"

मी हसून हसून कागदांच्या गठ्ठ्यावर बसलो. दादा हसला नाही.

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"शाबास! तिथे कोणीतरी बसून एकेक ओळ वाचत असेल. काय म्हणेल मला?"

ते कोणीतरी काय म्हणालं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. एकच शब्द: 'मंजूर.'

मी स्पीकर चालू करून कंपनीला फोन लावला. पलीकडे परवाना खात्यातल्या बाई.

"मॅडम, आभार. एक शंका होती. पान तेरावरची ढेकरपड भिंतीवर चढते. चढू दे ना?"

"नियमात बसतं, सर."

"आणि घनढेकर युद्ध?"

"तो शब्द यादीत नाही."

वहिनीनं तोंडावर हात दाबला.

"मॅडम, तुम्ही पुस्तक वाचलंत का हो?"

"सर, माझ्या टेबलावर ढीग आहे. मी फक्त यादीतले शब्द शोधते. सापडले तर नामंजूर, नाही तर मंजूर. वाचायला वेळ कुणाला आहे?"

तिचा आवाज अगदी दादासारखा शिणलेला होता. पुढचा विनोद मी रद्द केला.

"सर," तीच म्हणाली, "घोराच्या गुहेवाले तुम्हीच ना? मी मेलेय त्या गुहेत. शाळेत असताना, दर वेळी. घोरणं थांबलं की सगळे पळायचे आणि मी म्हणायचे, थांबा, खजिना घेते."

"हावरट," दादा पुटपुटला. खूप दिवसांनी त्याच्या तोंडावर काहीतरी हललं.

"पुस्तक विकत घेतलं होतंत?" मी विचारलं.

"छे! झेरॉक्स. अख्ख्या वर्गाकडे होती. मागे लिहिलंच होतं की, घ्या, खेळा, छापा."

दादा फोनजवळ सरकला. "सही केली तर ते तीन शब्द ठेवता येतील?"

"नाही, सर. तेच आधी काढावे लागतात. यादी काय, करार काय, सगळं वरून येतं. मी विचारलं होतं. म्हणाले, तू शोध, विचारू नकोस."

फोन ठेवल्यावर दादानं करार उचलला, उलटून पाहिला आणि रफ वह्यांसाठी कापायच्या गठ्ठ्यावर टाकला. "मागची बाजू कोरी आहे."

"आणि नियम?" वहिनी म्हणाली. "ते तर त्यांचे."

"नवे लिहीन," दादा म्हणाला. खाली ठेवलेलं पोतं पुन्हा पाठीवर घेताना माणूस बोलतो तसं. "घोर राहू दे त्यांच्याकडे. ढेकर आपला."

"ढेकराला कोण घाबरणार हो?"

दादानं डोळे मिटले. "तो गुहेत जेवत असतो. ढेकर ऐकू आला की समजायचं, आधी गेलेला वीर संपला. आता तुमचा नंबर."

वहिनीनं पेन्सिल घेतली. तिचं ढेकराचं पोट काढून होईपर्यंत दादा कागदांच्या गठ्ठ्यावर आडवा होऊन झोपी गेलेला.

मी मागचं पान जुळवलं: 'घ्या, खेळा, छापा.' खाली एक ओळ माझी घातली: 'परत मागायचा हक्क आम्हालासुद्धा नाही.'

मागच्या खोलीत दादा जोरजोरात ढेकरत होता. घोरायला आता परवाना लागतो.