अर्ध्या पाण्याची जीप

धरमपेठेतल्या एका वकिलाच्या गाडीचा हॉर्न मी असा दुरुस्त केला होता, की पुढं तो फक्त अशील दिसला की वाजायचा. एका बसच्या चाकात मी सीताबर्डीची हवा भरली होती. ती बस इतवारीत शिरली की चाक रुसून बसायचं. नागपुरात कळमन्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं, तिथं तीस वर्षं मी अशा गोठी सांगितल्या. गाडीला काही झालेलं नसलं तरी लोक चहा घ्यायला थांबत. यातली एकही गोठ खरी नाही. देवाजीच्या जीपची तेवढी खरी आहे, आणि ती आजवर कोणी पुरती ऐकून घेतलेली नाही.

त्र्याऐंशी साल. होळीला महिनाभर असेल. देवाजी जीप घेऊन आला. लढाईतली जीप, डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्करी लिलावात, कोणीतरी घेतलेली, चार हात फिरून त्याच्याकडे आलेली. काटोलकडची संत्री तो त्यात भरून कळमन्याला आणायचा.

"नानाजी, हे पाणी पिऊन राहिली जी," तो म्हणाला. "सकाळी गळ्यापर्यंत भरतो. इथं येईस्तोवर दोन लोटे कमी. अन् खाली एक थेंब नाई."

"मंग काय वाफ होऊन सोरगात जाते?"

"मस्करी नका करू. एवढी एक खेप हिनं साथ दिली पाहिजे. जयाले आणाचं आहे."

जया त्याची एकुलती एक पोरगी. काटोलच्या रस्त्यापासून सहा मैल आत, वाघोड्याला दिलेली. दोन बाळंतपणं वाया गेली होती तिची. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावून सांगितलं होतं, की हे मूल माझ्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे; नववा लागला की पोरीला नागपुरात आणून ठेवा, आणि धक्के खात एसटीनं आणू नका. सासूचं म्हणणं, आठव्यात गावाची शीव ओलांडायची नाही. म्हणून एप्रिलातला शेवटचा सोमवार ठरला होता. दोन महिने हातात होते, आणि आणायला एक जीप होती, जी पाणी पीत होती.

मी तीन दिवस तिच्या मागे लागलो. खाली वर्तमानपत्रं अंथरून ठेवली, सकाळी कोरडी. रबरी पाइप दाबून पाहिले. रेडिएटर काढून हौदात बुडवला, आत हवा सोडली. एक बुडबुडा आला नाही. तेलाची काडी पाहिली. पाणी मिसळलं की तेल ताकासारखं दिसतं, तसं काही नव्हतं. शेवटी चारही प्लग काढले. तीन काजळासारखे काळे. तिसऱ्या नंबरचा मात्र पांढरा स्वच्छ, राखेनं घासल्यासारखा.

तो मी बाकावर बसलेल्या मंडळींना वर धरून दाखवला. "हा पाहा. चौघा भावांत एकटा हाच आंघोळ करते."

सगळे हसले. मीही हसलो. प्लग पुसला आणि परत बसवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवाजी समोर उभा राहिला. बाकावर चौघंजण चहा पीत होते. "सापडलं का, नानाजी?"

मले नाई समजलं, एवढंच सांगायचं होतं. चौघांचे कप हातात थांबले होते, आणि त्यांना माझ्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं.

"सापडलं," मी म्हणालो. "गाडीत खोट नाई गा. हिले सवय लागली आहे. बर्मातून आलेली गाडी. तिकडं पाणीच पाणी. गोरे सोल्जर बादल्या-बादल्या पाजत होते. दारुड्याचं कसं असते? जेवढी पाजशीन तेवढी मागते. तू अर्धंच भर. मागन, गरम होईन, तिकडं पाहू नको. महिन्याभरात सवय मोडते."

"अर्धंच?"

"अर्धंच. एक लोटा वरता गेला, की पुन्हा पहिल्यापासून."

बाकावरचे गालात हसत होते. देवाजी हसला नाही. त्यानं ते ध्यानात ठेवलं, डॉक्टरानं दिलेल्या पथ्यासारखं. काहून नाही ठेवणार? भंगारात निघालेली ही जीप सात वर्षांपूर्वी मीच त्याला चालती करून दिली होती.

तो चहा घ्यायला वळला, तेव्हा मी घरातून मूठभर हळद आणली आणि रेडिएटरमध्ये टाकली. जुना उपाय आहे. हळद पाण्याबरोबर फिरते, बारीक फट सापडली की तिथं जाऊन फुगते आणि ती बुजवते. हे मी त्याला सांगितलं नाही. सवय मोडण्याची गोठ एवढी रंगल्यावर हळदीचं काय सांगायचं?

पुढच्या आठवड्यात देवाजी पेढे घेऊन आला. पाणी कमी होणं थांबलं होतं. तो पहाटे थंडाव्यात निघायचा, हळू चालवायचा, अर्ध्या पाण्यावर ती जीप धावायची. कळमन्याला येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यानं माझा कायदा सांगितला. लोक मला विचारायला येऊ लागले. सांगता सांगता मी त्यात भर घालत गेलो: झाकण उगाच उघडायचं नाही, उघडलं की गाडीला पाण्याची आठवण येते. एप्रिल लागेपर्यंत मलाही ते थोडं थोडं खरं वाटू लागलं होतं.

सोमवारी देवाजीनं मलाही जीपमध्ये घेतलं. "मिस्त्री संगं असला की गाडीले धाक राहते," म्हणाला. त्याची बायको सुभद्रा मागं गादी टाकून बसली होती. पुढं बंपरला छागल टांगलेली, कॅनव्हासची, गार पाण्यानं भरून फुगलेली. सकाळी नऊला आम्ही वाघोड्याला पोचलो.

निघायला मात्र साडेबारा वाजले. जयाच्या सासूनं, रुखमाबाईंनी, ओटी भरली, हातावर दही दिलं, आणि जेवल्याशिवाय पाहुण्यांना उठू दिलं नाही. जीपमध्ये जयाला बसवताना त्या माझ्याकडे वळल्या.

"नानाजी, तुमच्या गोठी इथंच ठेवून जा. माही सून तेवढी नीट पोचवा."

"गोठी ठेवल्या तं गाडी काशानं चालन, रुखमाबाई?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. जयासुद्धा हसली. मग जीप निघाली.

वर ऊन असं, की रस्त्याच्या कडेचे बाभळीचे काटे वितळतील. हे मी वाढवून सांगतो आहे. पण ऊन फार होतं. जया गप्प बसली होती, एक हात पोटावर. मागच्या दोन वेळी याच रस्त्यानं ती माहेरी गेली होती आणि रिकामी परतली होती. तिच्या मनातून ते काढावं म्हणून मी गणपतरावाच्या बैलाची गोठ सुरू केली.

"गणपतरावानं तेलघाणीचा बैल घेतला, जया. जन्मभर गोल गोल फिरलेला. त्याले गाडीले जुंपला अन् निघाला रामटेकले. तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी गाडी थांबली ते आपल्याच दारात. गणपतरावाची बायको म्हणते, आले का जी देवदर्शन करून?"

जया हसायला लागली. सुभद्रा म्हणाली, "बस करा, पोट्टीच्या पोटात गोळा येईन."

"मंग गणपतराव म्हणे, ऐक वं..."

"नानाजी," देवाजी पुढून म्हणाला. जीप हळू झाली होती. "वास येऊन राहिला. थोडं पाजू का?"

उष्णतेचा काटा त्या जीपचा कधीच मेला होता. वास मलाही येत होता, तापल्या लोखंडाचा, आणि त्यात हळदीचा, कोणीतरी फोडणी दिल्यासारखा. छागल भरलेली होती. एक शब्द बोलायचा होता. पण जया हसत होती, गाव सोडल्यापासून पहिल्यांदा, आणि बैल अजून दारात उभा होता.

"नको. मागू दे. एवढ्या दिवसाची सवय नको बिघडवू," मी म्हणालो. "तं गणपतराव म्हणे..."

मैलभर पुढं इंजिनात हातोडे वाजल्यासारखं झालं. जीपनं एक हिसका दिला आणि जागीच जाम झाली. बॉनेटमधून वाफ निघाली. मग मी घाबरलो.

"ओत," मी ओरडलो. "सगळं ओत."

देवाजीनं फडक्यानं झाकण काढलं आणि छागल उलटी केली. तापल्या लोखंडावर गार पाणी. आतून टण् असा आवाज आला, निखारा पाण्यात टाकल्यावर येतो त्याहून मोठा. धंद्यातला माझा तिसावा उन्हाळा होता तो. असं कधी करायचं नसतं, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं.

आम्ही दोघं त्या वाफेकडे पाहत होतो, तेव्हा मागून जया म्हणाली, "बाबा, पाणी द्या नं."

छागल रिकामी होती. सुभद्रानं ती हातात घेतली, पिळून पाहिली. "पोट्टीले प्याले तरी घोटभर ठेवाचं होतं," एवढंच ती म्हणाली.

तो हिसका बसला तेव्हाच जयाला कळ आली होती. तिनं सांगितलं नव्हतं. एका बाभळीखाली गादी टाकली. सावली कसली, जाळीच ती. देवाजी पाण्यासाठी आणि गाडीसाठी शेतांतून धावत सुटला. तासाभरानं एक बैलगाडी घेऊन आला आणि गाडग्यात थोडं पाणी. तिथून मोठा रस्ता चार मैल. बैल आपल्या चालीनं चालले होते. जयाचे ओठ फुटले होते. मध्येच तिनं माझा सदरा धरला.

"नानाजी, मंग त्या बैलाचं काय झालं?"

मी सांगत राहिलो. चार मैल सांगत राहिलो. काय सांगितलं, यातला एक शब्द आज आठवत नाही.

मोठ्या रस्त्यावर ट्रक मिळाला. रामदासपेठेत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरीणबाई बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. जया वाचली होती. मुलगी होती, म्हणाल्या. होती, म्हणाल्या. पुढं जयाला मूल होणार नाही, हे त्यांनी फक्त सुभद्राला बाजूला घेऊन सांगितलं, पण त्या मोकळ्या व्हरांड्यात सगळं ऐकू येत होतं.

जीप दोर लावून ओढून आणली. मी दार लावून घेतलं आणि इंजिनचा वरचा भाग, हेड, उघडलं. एक चीर नवी होती, चकाकणारी. ती छागलीच्या पाण्यानं पडलेली. तिच्याजवळ दुसरी वाट होती, जुनी, काळी. तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला गॅस्केट, पाणी आत जाऊ न देणारी हेडखालची पट्टी, जळून गेलेलं, पाण्याच्या भोकापर्यंत. इंजिन तापलं की ती वाट उघडायची, थेंब थेंब पाणी आत जायचं आणि वाफ होऊन धुराबरोबर मागून निघून जायचं. खाली थेंब पडणार कुठून? थंड झालं की वाट मिटायची. त्या वाफेनंच तिसरा प्लग रोज धुतला जात होता. तो मी हातात धरला होता. लोकांना दाखवला होता. गॅस्केट बदलायला एक दिवस लागला असता.

जुन्या वाटेच्या तोंडाशी हळद बसली होती. रेडिएटरच्या नळ्याही हळदीनं तुंबल्या होत्या.

दहाव्या दिवशी देवाजी आला. बाकावर बसला. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "नानाजी, तुमच्याजवळ एक सांगाचं आहे. त्या सोमवारी निघताना म्या दोन लोटे जास्ती भरले. पोरीचं काम होतं, मन नाई मानलं. तुम्ही सांगतलं होतं, एक लोटा वरता गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्याच बिघडवली तिले."

मी त्याला हाताला धरून आत नेलं. हेड दाखवलं, गॅस्केट दाखवलं, प्लग हातात दिला. हळद सांगितली. बर्मा नाही, सोल्जर नाहीत, सवय नाही, सगळं मी बाकावरच्या चौघांसाठी रचलं, हेही सांगितलं. "तुह्या त्या दोन लोट्यांनी जीप वाघोड्यापर्यंत तरी गेली, देवाजी. चूक माही आहे."

त्यानं प्लग उलटासुलटा करून पाहिला. मग हलकेच खाली ठेवला.

"मले बरं वाटावं म्हून बोलून राहिले तुम्ही. समजते मले. पण आता तरी नका फेकू जी."

"देवाजी, खरं सांगून राहिलो गा."

"बैलाची गोठही तुम्ही खरीच म्हून सांगत होते."

तो उठला आणि गेला. पुढं मी सुभद्रालाही सांगायला गेलो. तिनं ऐकलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे, नानाजी." त्या दिवसानंतर मी त्यांच्या दारी गेलो नाही.

जीप भंगारात गेली. देवाजी कळमन्याच्या एका धान्यवाल्याच्या ट्रकवर लागला. कायदा तो अजून पाळतो, आता तर जास्तच. संध्याकाळी ट्रक उभा करताना खालची तोटी उघडून सगळं पाणी मातीत सोडतो आणि मोजून अर्धं भरतो. सकाळी झाकण उघडत नाही. उघडायचं नसतं, हेही मीच सांगितलेलं. धान्यवाल्याला मी सगळं सांगितलं. त्यानं चहा मागवला. म्हणाला, "ही नवीन आहे, नानाजी. आवडली."

म्हणून मीच जातो. उजाडायच्या वेळेला, देवाजी यायच्या आधी, बादली घेऊन. चौकीदार ओळखीचा आहे. ट्रकचं झाकण उघडतो, गळ्यापर्यंत भरतो, लावतो, परत येतो. साल उलटून गेलं. चहाच्या टपरीवर देवाजी लोकांना सांगतो, अर्ध्या पाण्यावर चालवतो, एक दिवस तरास नाई. त्या सोमवारी कायदा पाळला असता तं, असं म्हणतो, आणि चहाचे पैसे ठेवून उठतो.

आता माझे गुडघे दुखतात. बादली दोनदा खाली ठेवावी लागते. मधे दोन दिवस ताप होता, तर अंथरुणात पडल्या पडल्या ट्रकचा आवाज ऐकत होतो, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा.

काल तो लवकर आला. परतताना धान्यवाल्याच्या फाटकाशी गाठ पडली. माझ्या हातातल्या बादलीकडं पाहून म्हणाला, "काहून जी नानाजी, येवढ्या सकाळी?"

"एका बैलाले पाणी पाजाले आलो होतो."

तो हसला नाही. माझ्या हातातून रिकामी बादली घेतली आणि रस्त्यापर्यंत पोचवायला आला.

"पाजा," म्हणाला. "पण अर्धंच."