पेरू बेकु

रेश्माची आरोही आठ वर्षांची झाली तरी तिच्या तोंडात शब्द मोजकेच होते. भूक लागली की ती आईचा पदर ओढायची, तहान लागली की माठाकडं बोट दाखवायची. तिची बौद्धिक वाढ कमी आहे, हे डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं. त्यावर बालवाडीच्या बाईंनी सल्ला दिला होता, "घरात एकच भाषा बोला. दोन-दोन भाषांनी पोरगी गोंधळती."

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या त्या घरात हेच अवघड होतं. रेश्मा अकलूजची, तिची मराठी. नवरा मृत्युंजय मराठी-कन्नड दोन्ही बोलायचा. पण सासू शिवम्मा अक्कलकोटच्या पलीकडची. सगळा जन्म कन्नडात गेलेला. मराठी समजायची, बोलताना मात्र जीभ अडखळायची. नातीचं नुकसान नको म्हणून तिनं नातीशी बोलणंच सोडलं. वेणी घालायची, भरवायची, कुशीत घेऊन निजवायची, पण सगळं मुक्यानं.

यंदा अंकिता मॅडम घरी येऊ लागल्या. अशा मुलांना शिकवणाऱ्या त्या विशेष शिक्षिका. चित्रांची कार्डं मांडून त्या विचारायच्या, "आरोही, हे काय?" आरोही कार्ड उलटं करून ठेवायची.

एकदा असाच अभ्यास चालला असताना आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. आरोही उठली आणि आजीला चिकटून बसली. मॅडम दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

"आजी तिच्याशी काहीच कशा बोलत नाहीत?"

रेश्मानं बालवाडीतला सल्ला सांगितला. शिवम्मा मान खाली घालून पीठ मळत राहिली.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "एका भाषेतसुद्धा आरोहीला वेळ लागणारच. दोन भाषांमुळं ती मागं पडलेली नाही. उलट दिवसभर तिच्याजवळ असणारं माणूसच गप्प झालंय." मग त्या आजीकडं वळल्या. "अज्जी, तुम्ही तुमच्या भाषेत बोला. वस्तू हातात घेऊन, थोडंथोडं, परत परत."

शिवम्मानं सुनेकडं बघितलं. "बोलू?"

"बोला की, आत्या." रेश्मानं आरोहीला तिच्यापुढं सरकवलं.

शिवम्मानं चिमूटभर पीठ नातीच्या तळहातावर ठेवलं. "हिट्टु," ती म्हणाली. मग तांब्यातलं पाणी तिच्या बोटांना लावलं. "नीरु." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवेना. आरोही तिच्या ओठांकडं टक लावून बघत होती.

लगेच काही घडलं नाही. आज आलेला शब्द उद्या जायचा. "उगं आशा लावून घेऊ नका," मृत्युंजय म्हणायचा. तरी रोज भाकरीच्या वेळी शिवम्मा कन्नडात नाव सांगायची, रेश्मा त्याच वस्तूचं मराठीत. मॅडमनीही कार्डं बाजूला ठेवली आणि खरी वांगी, खरे पेले घेऊन शिकवायला लागल्या. हळूहळू पिठाला बघून "इट" यायला लागलं. वाटी पुढं करून आजी विचारायची, "बेकु? हवं?" आरोही नुसती मान हलवायची.

दिवाळीनंतर तिघी सोलापूरला मंडईत गेल्या. पेरूवालीच्या पाटीसमोर आरोही थांबली. रेश्माला वाटलं, आता पदर ओढणार. पण आरोहीनं पाटीकडं बघितलं, ओठ जुळवले आणि म्हणाली, "पेरू बेकु."

पेरू हा शब्द आईचा, बेकु आजीचा. 'पेरू हवा म्हण' असं रेश्माच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. शिवम्मानं तोंडाला पदर लावला.

"काय म्हणती बाळ?" पेरूवालीनं विचारलं.

"पेरू मागती की," रेश्मा म्हणाली. "तिच्याच हातात द्या. तिनं मागितलाय."

त्यानंतर कितीतरी दिवस आरोही ते दोन शब्द एकत्र बोलली नाही. मॅडम म्हणाल्या, "असंच होणार. तुम्ही बोलत राहा."

एका संध्याकाळी रेश्मा सासूशेजारी येऊन बसली. "आत्या, 'ये, बस'ला काय म्हणायचं?"

"बा, कूड."

रेश्मानं म्हणून बघितलं. उच्चार पार चुकला. शिवम्मा खळखळून हसली, आणि त्या हसण्यानं आरोही खेळ टाकून आली, दोघींच्या मधोमध बसली.