वरण, दोन वाट्या

देवश्रीने नलिनीताईंची वही उघडली आणि तिच्या शेजारी प्रयोगशाळेचा कागद ठेवला. वहीत रोज वरण दोन वाट्या, उसळ एक वाटी. प्रथिनांचा हिशेब अठ्ठावन्न ग्रॅम. कागदावर छत्तीस.

आहाराच्या या अभ्यासात माणसं काय खाल्लं ते लिहून देतात आणि चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये भरून देतात. वही लाजते, कॅन लाजत नाही. खाल्लेली डाळ तिथे बरोबर उमटते.

"कॅन भरताना एखादी वेळ राहून गेली का?" तिने विचारलं.

"शक्य नाही, देवश्रीबेन," झोपाळ्यावरून नलिनीताईंचे यजमान विश्वंभरराव म्हणाले. रिफायनरीत तीस वर्षं शिफ्टचं लॉगबुक लिहिलेला माणूस. "मी घड्याळ लावलं होतं. वहीसुद्धा रोज संध्याकाळी मीच तपासतो."

"चहा टाकते," नलिनीताई उठल्या. "देवश्री, जरा कप काढायला ये ने."

कप ओट्यावरच होते. नलिनीताईंनी गॅस पेटवला आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

"मी वरण खात नाही. उसळही नाही. किडनीच्या डॉक्टरांनी यांच्या डाळी बंद केल्या, त्या दिवशी सोडलं. लोक काशीला जाऊन सोडतात, मी इथे समात, घरी बसून सोडलं."

"मग वहीत?"

"वही ते वाचतात. पहिल्यांदा खरं सांगितलं होतं. तर म्हणाले, तू खात नाहीस तर मीही पथ्य पाळणार नाही. महिनाभर हट्टाने खाल्लं. पाय सुजले, चार दिवस दवाखान्यात. घाबरले गं मी. मग सांगितलं, खाते बाबा. ते आधी जेवतात, मी मागून. कोण बघतंय?"

"मला शेरा लिहावा लागेल. नोंद विश्वसनीय नाही म्हणून."

"लिही. मला खोटारडी म्हण, चालेल. त्यांना तेवढा कागद दाखवू नकोस."

कागद कोणालाच दाखवायचा नसतो, असं देवश्रीने सांगितलं. तेव्हा कुठे नलिनीताईंनी चहात साखर घातली. दोनदा घातली.

चहा झाल्यावर विश्वंभरराव काठी घेऊन तिला फाटकापर्यंत सोडायला आले. तिने स्कूटरला किल्ली लावली तेव्हा त्यांनी विचारलं,

"वहीत वरण दोन वाट्या आहे ना?"

देवश्री हेल्मेटचा पट्टा लावू लागली.

"नका सांगू. तुरीचा डबा घरात मी भरतो. गणपतीत भरला होता. आता उत्तरायण झालं, डबा तसाच आहे. मी डाळ खात नाही. मग ती कुठली खाते?"

"मग तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"काय विचारू? ती म्हणणार खाते. मी म्हणणार खोटं. मग मी रागाने काहीतरी खाणार. मागे करून झालाय तो गाढवपणा." त्यांनी काठीने जमिनीवरचा पतंगाचा दोरा बाजूला केला. "पुढच्या वेळची वही मी लिहिली तर चालेल?"

"घरच्या माणसाने लिहिलेली चालते. पण नियम आहे. लिहिणाऱ्याने समोर बसून बघितलं पाहिजे."

"म्हणजे तिच्याबरोबर जेवायला बसावं लागेल."

"हो."

"बेचाळीस वर्षं मी आधी जेवतो," ते म्हणाले, आणि नियम पाठ करत असल्यासारखे परत वळले.

मार्चमध्ये दुसरी वही आली. अक्षर उभं, वेळ मिनिटापर्यंत लिहिलेली.

*सोमवार, १२.४०. पोळ्या दोन, दुधीची भाजी, ताक. वरण नाही. विचारले. "सोडलंय" म्हणाली. मी पथ्य मोडणार नाही असे सांगितले. विश्वास बसला नाही.*

*मंगळवार, १२.४०. पोळ्या दोन, वांग्याची भाजी. वरण नाही. मी पथ्यावर.*

*बुधवार, १२.४५. वरण नाही. डॉक्टरांना फोन केला.*

*गुरुवार, १२.४०. भात, वरण अर्धी वाटी. त्यातले दोन चमचे आधी मला वाढले. डॉक्टरांनी तेवढे चालेल म्हटले आहे.*

कॅन गुरुवारचा होता. देवश्रीने प्रयोगशाळेचा कागद शेजारी ठेवला. वहीतून एकोणचाळीस ग्रॅम, कॅनमधून अडतीस. तिने 'विश्वसनीय' या चौकटीत खूण केली.

मग तिचं लक्ष गुरुवारच्या शेऱ्याकडे गेलं. तिथे एरवी लोक उपास किंवा लग्नाचं जेवण लिहितात.

*जेवताना डोळ्यांत पाणी. भाजी तिखट नव्हती.*

संगणकात प्रत्येक शेऱ्याला यादीतला एक आकडा द्यावा लागतो: उपास एक, लग्न दोन. देवश्रीने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि ती चौकट कोरी ठेवून पुढची वही उघडली.