नागोजीचं वजन

बंगळुरूच्या कुस्तीच्या शोंमध्ये गिरीराज गाजला तो एका डावामुळे. समोरच्या गड्याला कमरेत धरायचं, उलटा उचलून खांद्यावर घ्यायचं आणि धाडकन खाली टाकायचं. डावाचं नाव कडेलोट. आणि ज्याचा कडेलोट व्हायचा, तो बहुतेक वेळा नागोजी. शहराच्या येलहंका भागातल्या एकाच गल्लीत वाढलेले हे दोघे मराठे रिंगमध्ये एकमेकांच्या जिवावर उठलेले असत, आणि शो संपला की एकाच ताटातली इडली खात.

आतली गोष्ट अशी, की नागोजीसारखं धूड एकट्यानं उचलणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. नागोजी आधी गिरीराजचं मनगट हळूच दाबायचा, म्हणजे मी तयार. मग स्वतःच उडी घ्यायचा. गिरीराजनं त्या उडीला फक्त हात द्यायचा आणि खाली आणताना त्याची मान सांभाळायची; पाठीवर आदळणं नागोजी स्वतःच घ्यायचा. टाळ्या मात्र सगळ्या गिरीराजला. हे गुपित धंद्याबाहेर न्यायचं नाही, असा दंडक होता. नागोजीनं तर ते बायकोलाही कळू दिलं नाही. "नवऱ्याला हरायचा पगार मिळतो, हे कुठल्या बायकोला आवडेल रे?" असं म्हणून तो हसायचा. शेजारचे म्हणत, हे सगळं नाटक असतं. पण नागोजीची बायको संयोगिता कशी मानणार? नवऱ्याची सुजलेली पाठ ती स्वतःच्या हातानं शेकत होती.

आणि एका सकाळी नागोजी अंघोळीला जाता जाता कोसळला. हृदय बंद पडलं.

गिरीराज धावत पोचला तोवर तिरडी बांधून झाली होती. गल्ली अरुंद, त्यामुळे शववाहिनी मोठ्या रस्त्यावर उभी होती. तिथवर खांद्यावरून न्यायचं होतं. नागोजीला ना मूलबाळ, ना सख्खा भाऊ. पुढचा खांदा आपलाच, असं धरून गिरीराजनं वाकून बांबूला हात घातला, तोच संयोगिता कडाडली.

"हात लावू नको, गिरीअण्णा! जन्मभर आपटलंस त्यांना. त्या आपटण्यानंच माझा माणूस खाल्ला."

सगळं गिरीराजच्या जिभेवर आलं होतं. मी त्याला कधी आपटलं नाही वैनी, तो उडी घ्यायचा, मी सांभाळायचो. एवढं बोलला असता तर सुटला असता. पण मग अख्ख्या गल्लीसमोर नागोजी पगारी हरणारा ठरला असता. त्यानं जे जन्मभर झाकलं, ते त्याच्या तिरडीपुढे उघडं कसं पाडायचं?

"सरी, वैनी," एवढाच कानडी होकार देऊन तो मागं झाला आणि सगळ्यांच्या शेवटी, लहान पोरासारखा रडत चालू लागला.

वळणावर पुढचा खांदा दिलेल्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या कृष्णाजीमामांचा तोल गेला. तिरडी कलली, बायका किंचाळल्या. गिरीराज विचार न करता धावला आणि बांबू हातांवर तोलून धरला. खांदेकरी जागच्या जागी थांबले. सगळ्यांनी संयोगिताकडे पाहिलं.

"घे," ती म्हणाली. "पण आज तरी त्यांना हळू खाली ठेव."

"होय, वैनी."

खांदा लावून गिरीराज सवयीनं क्षणभर थांबला. मनगटावर दाब आला नाही. मग त्यानं पाऊल उचललं, तसा बांबू खांद्यात रुतला. ओझं चौघांत वाटलेलं, तरी त्याला खांदा दोनदा सावरून घ्यावा लागला. ज्याला उचलल्याची फुशारकी इतकी वर्षं मिरवली, त्या नागोजीचं वजन त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

शववाहिनीत उतरवताना त्याचा तळहात आपोआप नागोजीच्या मानेखाली गेला. दुसरा हात पाठीखाली. त्यानं त्याला अलगद खाली टेकवलं, मान दर शोला सांभाळत आला होता तशीच सांभाळून.

संयोगिता गाडीच्या दाराशी उभी राहून पाहत होती.

"असं ठेवता येत होतं की रे तुला," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. "मग नेहमीच का नाही ठेवलंस?"

गिरीराजनं मान खाली घातली.

"चुकलं, वैनी," तो म्हणाला.