चौतीस टक्के पाणी

आमच्या देशात नकाशावर धरणं पुष्कळ आहेत. त्या वर्षी पाणी असलेलं मात्र एकच उरलं होतं, आणि त्यात किती टक्के पाणी आहे हे दर सोमवारी सकाळी जाहीर करणं हे माझं काम होतं. माझ्या दारावर 'दुष्काळ निरीक्षण कक्ष' अशी पाटी होती. कक्षात मी, दोन संगणक आणि एक कूलर. कूलरला पाणी लागतं म्हणून तो बंद होता, त्यामुळे देशासमोर आदर्श ठेवण्यासाठी मी दिवसभर घाम पुसत बसायचे.

टक्क्यांवर सगळं ठरायचं. पहिल्या टप्प्यात लोकांना विनंती करायची, ती कोणी ऐकत नाही. दुसऱ्या टप्प्यात पाणी एक दिवसाआड. टक्का पस्तीसच्या खाली गेला की तिसरा टप्पा, म्हणजे 'अनावश्यक वापर' बंद. अनावश्यक वापराची यादी एका समितीने केली होती: कारंजी, गाड्या धुणं, पोहण्याचे तलाव, रोपवाटिका, शोभेची हिरवळ.

माझ्या नवऱ्याची रोपवाटिका आहे. त्याने ती यादी वाचली, चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. मग शांतपणे विचारलं, "म्हणजे मी पोहण्याच्या तलावाच्या खाली आणि शोभेच्या हिरवळीच्या वर?" मी म्हटलं, यादीला काही क्रम नाही. त्याला त्यात फारसं समाधान मिळालं नाही. शहराबाहेरच्या त्या जमिनीत त्याने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. त्याच्याकडे लिंबाचं एक झाड होतं, बिनबियांच्या, पातळ सालीच्या लिंबांचं. ती जात त्याने स्वतः तयार केली होती, आणि विकायची सगळी कलमं त्या एकाच झाडाच्या फांद्यांवरून बांधली जायची. घरात तो ज्या आवाजात त्या झाडाबद्दल बोलायचा, त्या आवाजात माझ्याबद्दल बोललेला मला आठवत नाही.

तर त्या उन्हाळ्यात टक्का छत्तीसवर आला. नातेवाईक फोन करून "किती पडले?" असं विचारायचे, जणू माझा निकाल लागलाय. नवरा काही विचारायचा नाही. सोमवारी संध्याकाळी मी घरी आले की फक्त माझ्या तोंडाकडे बघायचा.

आता इथे थोडं समजावून सांगते. पुढे चौकशी समितीलाही मी हेच सांगितलं होतं आणि त्यांना ते कळलं नाही, पण तुम्हाला कळेल.

धरणातलं पाणी कोणी मोजत नाही. मोजतात ती पातळी. भिंतीवरच्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं, आणि एवढ्या पातळीला एवढं पाणी असा तक्ता असतो, त्यात शोधायचं. हा तक्ता धरण बांधलं तेव्हाचा. पातळीवाले आमच्या इमारतीत तळमजल्यावर बसतात. धरणाच्या तळाशी गाळ किती साचला हे मोजणारे निराळे, ते चौथ्या मजल्यावर. तळमजला आणि चौथा मजला एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते बहुधा आता दोघांनाही आठवत नसावं.

गाळवाले होडी घेऊन धरणात बरेच महिने फिरले आणि त्यांनी अहवाल दिला की, धरणाचा चौथा हिस्सा गाळाने भरलाय. अहवाल उत्तम होता. वरून आदेश निघाला की, यापुढे टक्केवारी काढताना धरणाची क्षमता पाऊण धरावी. पातळीवाल्यांचा तक्ता बदलावा असा आदेश मात्र कोणी काढला नाही, कारण अहवाल गाळाचा होता आणि तक्ता पाण्याचा. म्हणजे पातेलं लहान झालं हे सगळ्यांनी मान्य केलं, पण आतलं पाणी जुन्या मोठ्या पातेल्याच्या हिशेबानेच मोजत राहिलो. तळाचा चिखल आम्ही पाण्यात धरत होतो.

त्या सोमवारी आकडा मी जाहीर केला नाही. नवी पद्धत सुरू होत होती, आणि नवं काही असलं की संचालक ते स्वतः जाहीर करतात. आकडा आला अठ्ठेचाळीस. थेंबभर पाऊस नसताना धरण एका रात्रीत बारा टक्क्यांनी भरलं होतं. दुपारी मंत्री दूरदर्शनवर आले आणि हे नियोजनाचं यश असल्याचं त्यांनी सांगितलं. दुसरा टप्पाही उठला. नळाला रोज पाणी आलं आणि आमच्या गल्लीत सगळ्यांनी आपापल्या गाड्या बाहेर काढून धुतल्या. नवऱ्याने नव्या रोपांसाठी पिशव्या भरायला घेतल्या. तो चक्क गुणगुणत होता. लग्नानंतर मी त्याला एकदाच गुणगुणताना ऐकलं होतं, तेही दाढ काढायच्या आधी भीती घालवायला.

मला तो आकडा पहिल्यापासून घशाखाली उतरत नव्हता. मंगळवारी मी तळमजल्यावर जाऊन तक्ता बघितला, चौथ्या मजल्यावर जाऊन अहवाल बघितला, आणि माझ्या खोलीत येऊन वजाबाकी केली. मग संचालकांकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते ऐकून छान घेतात. म्हणाले, गाळवाले म्हणतात गाळ आहे, पातळीवाले म्हणतात पाणी आहे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मी म्हटलं, दोघं एकाच जागी आहेत, अडचण तीच आहे. ते म्हणाले, पाऊस आला की आपोआप जुळेल. आणि नाही आला तर, असं मी विचारलं. "मग ती नैसर्गिक आपत्ती," ते म्हणाले, "आणि आपत्तीचा विभाग वेगळा आहे."

माझी वजाबाकी काही वेगळा विभाग मानत नव्हती. खरं पाणी चौदा टक्क्यांवर होतं. नळ असेच रोज सोडले असते तर महिन्या-दीड महिन्यात दवाखान्यांच्या टाक्यांत चिखल आला असता. मी सांगितलं की, पुढच्या सोमवारी मी चौदा लिहिणार. संचालकांनी खिडकीबाहेर बघत विचार केला आणि मोठ्या मनाने म्हणाले, तर मग तुमच्या एकटीच्या सहीने जाऊ दे.

टक्का विसाच्या खाली गेला की चौथा टप्पा. चौथ्या टप्प्यात फक्त पिण्याचं पाणी, तेही मोजून.

रविवारी संध्याकाळी मी रोपवाटिकेत गेले. नवरा लिंबाच्या आळ्यात पाणी सोडत होता. कसं सांगावं याची मी रस्ताभर जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून नुसता आकडाच निघाला.

"चौदा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्याने वाकून नळ बंद केला. मी म्हटलं, आकडा उद्या लागणार आहे, आज रात्रभर पाणी आहे, टाक्या भरून ठेव. त्याने मान हलवली. "उद्या तू आकडा सांगणार आणि आज माझ्या टाक्या काठोकाठ? तुझ्याच नावाने बोंब होईल." मी चिडले. त्याला म्हटलं, तुझ्या सरळपणाला फळं लागत नाहीत. टाक्या अर्ध्याच राहिल्या.

सोमवारी चौदाचा आकडा लागला आणि देशभर आग लागली. गंमत अशी की, अठ्ठेचाळीसवर कोणी चिडलं नाही, सगळे चौदावर चिडले. मंगळवारच्या वर्तमानपत्रांत एकच प्रश्न होता: चौतीस टक्के पाणी एका आठवड्यात गेलं कुठे? विधिमंडळात आवाज उठला. मंत्र्यांनी आश्वासन दिलं की पाणीचोर कोणीही असो, गय केली जाणार नाही. तीन जणांची चौकशी समिती नेमली गेली. एवढं पाणी चोरून ठेवायला चोराला दुसरं धरण लागलं असतं, असं मी लेखी कळवलं. समितीने ते गांभीर्याने घेतलं आणि दुसऱ्या धरणाचा शोध घेतला.

दुसरं धरण सापडलं नाही, तेव्हा समिती सहीकडे वळली. सही माझी. आणि माझ्या नवऱ्याची रोपवाटिका. एवढं जुळल्यावर आणखी काय हवं? मला निलंबनाचं पत्र आलं. पाण्याच्या अपहाराला दुष्काळी कायद्यात तुरुंग आहे, हे मला माझ्या धाकट्या बहिणीकडून कळलं. ती वकील आहे आणि वाईट बातमी आधी जेवायला वाढून मग सांगते. त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता, की जे पाणी नव्हतंच ते मी चोरलंय.

इकडे रोपवाटिका वाळत गेली. आधी फुलझाडं, मग पिशव्यांतली रोपं, मग कलमांच्या रांगा. नवऱ्याने अर्ध्या टाक्या पुरवून पुरवून संपवल्या आणि शेवटी फक्त मूळ लिंबाचं झाड धरून ठेवलं. ते जगलं तर पुढे सगळं परत उभं करता येईल, असं तो म्हणायचा. नुसत्या फांद्या कापून ठेवून उपयोग नव्हता. त्या बांधायला जिवंत रोपं लागतात आणि रोपं सगळी गेली होती. म्हणून आम्ही दोघं परातीत उभं राहून अंघोळ करू लागलो. भांड्यांचं, भाजीचं, तोंड धुतल्याचं सगळं पाणी डब्यात भरून तो सायकलवरून न्यायचा. अंघोळीला साबण लावला तर तो माझ्याकडे असा बघायचा की, मी साबण सोडला. पन्नाशी उलटलेल्या बाईने लिंबासाठी आणखी काय करायचं असतं, मला माहीत नाही. पण झाड जगलं. जगलं म्हणजे काय, त्या उजाड रानात ते हिरवंगार उभं होतं, आणि वर फुललंही होतं.

समिती गुरुवारी रोपवाटिका तपासायला येणार होती. बुधवारी बहीण आधी बघून जायला आली. वाळलेल्या रांगांमधून चालत ती लिंबापाशी थांबली.

"भाऊजी, हे एवढंच हिरवं कसं?"

त्याने परात, डबे, सायकल, सगळं सांगितलं.

"मला पटलं," ती म्हणाली. "ताईने पातेल्याचं सांगितलं तेव्हा समितीला कळलं नाही. परातीचं कळेल?"

मी म्हटलं, झाड राहणार. मी त्यांच्यासमोर परातीत उभी राहून दाखवेन. बहीण म्हणाली, तसं करू नकोस. नवरा झाडाची खालची वाळकी पानं खुडत होता. जाताना बहिणीने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने मान डोलावली. मला वाटलं, तो तिला निरोप देतोय.

गुरुवारी मला समितीच्याच गाडीतून नेलं. नवरा पहाटेच डबे घेऊन गेला होता. फाटकातून आत शिरताच मी लिंबाच्या दिशेने बघितलं. तिथे झाड नव्हतं. जमीन सारखी केलेली होती आणि तिच्यावर वाळक्या रोपांच्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या, अगदी जुन्या वाटाव्यात अशा. नवरा बाजूला हात मागे बांधून उभा होता. तोंडातून शब्द बाहेर पडू नये म्हणून मी दात घट्ट आवळले.

समितीने काम चोख केलं. एक सदस्य प्रत्येक झाडाची साल नखाने खरवडून बघत होता, दुसरा टाक्यांमध्ये डोकावून मागे उभ्या लेखनिकाला सांगत होता. टाकी कोरडी. आळी कोरडी. झाड मृत. माझा नवरा त्यांना रांगेमागून रांग दाखवत गेला, हे मोगऱ्याचं, हे पेरूचं, हे डाळिंबाचं, असं नीट नावानिशी. तासाभरात ते फाटकाशी परत आले. परिसरात पाणी अथवा ओल कोठेही आढळली नाही, सबब अधिकारी बाईंविरुद्ध संशयास जागा नाही, असं लेखनिकाने वाचून दाखवलं. तिघांनी सह्या केल्या आणि मी निर्दोष झाले.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, वयस्कर आणि मनाने खरंच चांगले. गाडीत बसता बसता ते थांबले आणि त्या सगळ्या वाळल्या रानावरून त्यांनी नजर फिरवली.

"अहो," ते नवऱ्याला म्हणाले, "घरचं धुण्याभांड्याचं पाणी घालून एखादं तरी जगवायचं होतंत."

"सुचलं नाही, साहेब," नवरा म्हणाला.

अध्यक्षांनी हळहळून मान हलवली आणि निरोपासाठी हात पुढे केला. नवऱ्याने दोन्ही हात जोडून लांबूनच नमस्कार केला आणि हात लगेच परत मागे घेतले. तेवढ्यात मला दिसलं. त्याच्या सगळ्या नखांत लिंबाच्या आळ्यातली ओली माती होती. मी त्याच्या शेजारी सरकले, मागून त्याचे हात माझ्या हातांत धरले, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत धरूनच उभी राहिले.