अकरा जानेवारीची ॲनिशा

हिल्डाचा मुलगा टोनी, त्याच्या ब्रिटनीचं पहिलं कम्युनियन झालं ते २०२४ साल. चर्चमध्ये पहिला प्रसाद घेऊन नात पांढऱ्या फ्रॉकात बाहेर आली, अंगणातल्या मंडपात पाहुणे जेवले, आणि टोप घासायला काढतायत तोच टोनीची बहीण ॲनिशा मोबाईल उंच धरून धावत आली. जर्मनीतल्या इस्पितळाने तिला नर्स म्हणून घेतलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिल्डानेही वाजवल्या. मग ॲनिशा म्हणाली, "आता फक्त कागदपत्रं राहिली," आणि हिल्डाच्या टाळ्या थांबल्या.

हिल्डा तुस्कानो वसईजवळच्या उमेळ्याची. नवरा सेबॅस्टियन केळीची वाडी करायचा. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. हिल्डाला अक्षरओळख झाली ती पंचेचाळिशीत, चर्चच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग चालायचा तिथे. तोवर रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे तिचा अंगठा. वाचता यायला लागलं तेव्हा तिला दुकानांच्या पाट्यांपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं वाचायचं वेड लागलं. असंच एकदा तिने कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातून ॲनिशाचा बाप्तिस्म्याचा दाखला काढला आणि बोट ठेवून वाचला. नाव ॲनिशा. बाप सेबॅस्टियन. आई हिल्डा. जन्म, अकरा जानेवारी १९९६.

ती तशीच जमिनीवर बसली. तिची ॲनिशा जन्मली होती अठ्ठावीस मे सत्त्याण्णवला, वसईच्या दवाखान्यात. अकरा जानेवारीची ॲनिशा वेगळी. ती पहिली.

त्यांच्या घरात पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवायची रीत होती. सेबॅस्टियनच्या आईचं नाव ॲना, म्हणून नात ॲनिशा. पोर घरीच जन्मली, चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि पावसाळ्यात तापाने फणफणून सात महिन्यांची असतानाच गेली. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी झाली तेव्हा सासूने ऐकलंच नाही. "माझं नाव घरात पायजेच," म्हणाली. ठेवलं तेच नाव. पुढे शाळेत घालायच्या वेळी सेबॅस्टियन चर्चच्या ऑफिसात जाऊन म्हणाला, "सेबॅस्टियन-हिल्डाच्या ॲनिशाचा दाखला द्या." तिथल्या माणसाने जाडं बुक उघडलं आणि पहिली सापडली ती नोंद उतरवून दिली. सेबॅस्टियनला वाचता येत नव्हतं. कागद तसाच शाळेत गेला. पुढे नर्सिंगचं सर्टिफिकेट, आधार, पासपोर्ट, सगळं त्या तारखेवर उभं राहिलं. घरी वाढदिवस मात्र मे महिन्यात. शाळेची तारीख एक आणि घरची एक असं गावात पुष्कळांचं असायचं, त्यामुळे ॲनिशानेही कधी विचारलं नाही.

हिल्डाने दाखला घडी घालून परत ठेवला आणि बारा वर्षं कोणाला सांगितलं नाही.

आता जर्मनीला लागणाऱ्या जन्मदाखल्यासाठी महापालिकेत नोंद शोधायला गेल्यावर घोळ समोर आला. जानेवारी शहाण्णवला काहीच नाही. मे सत्त्याण्णवला मात्र याच आईबापाची, नाव न लिहिलेली एक मुलगी. दोन तारखा बघून जर्मनीवाले फाईल परत पाठवतील म्हणून ॲनिशाची झोप उडाली. वसई कोर्टासमोर गाळा असलेल्या जितेंद्र वकिलांनी तिला धीर दिला. ते नोटरी होते, असले कागद रोजचेच. महापालिकेकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा आणि जोडीला आईचं प्रतिज्ञापत्र. तिथेच विनिता म्हणून बाई बसायची, ती जर्मन भाषांतर करून आपला शिक्का मारायची. वीस जूनच्या आत सगळं गेलं पाहिजे होतं.

सतरा जूनला मायलेकी गाळ्यात पोचल्या. प्रतिज्ञापत्र टाईप होऊन तयार होतं. वकिलांनी मोठं रजिस्टर उघडून हिल्डापुढे सरकवलं.

"मावशी, इथे एक सही, आणि कागदावर प्रत्येक पानाखाली एक. आधार आणलंय ना?"

हिल्डाने चष्मा काढला, पदराने पुसला, घातला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मम्मी, वाचतेस कुठे? मी वाचलंय."

"वाचू दे गो."

बोट सावकाश सरकत होतं. मागे लायनीत पाचसहा माणसं उभी. वकील हसले. "मावशी, कादंबरी नाही ती. शेवटी कोणाचं लग्नही होत नाही."

"तुम्हीच सांगता ना, वाचल्याशिवाय सही करू नका. भिंतीवर पाटी लावलीय."

लायनीतला एक जण मोठ्याने हसला. वकिलांनीही हात जोडले. पण तिसऱ्या कलमाशी हिल्डाचं बोट थांबलं ते थांबलंच.

'माझी मुलगी ॲनिशा हिचा जन्म दिनांक ११ जानेवारी १९९६ रोजी राहत्या घरी झाला. ती माझी एकुलती एक मुलगी असून तिच्याखेरीज मला दुसरी मुलगी कधीही झालेली नाही. वरील मजकूर मी देवास स्मरून खरा सांगते.'

तिने तीनदा वाचलं. पहिल्या पोरीचा फोटो नव्हता. कबर काही वर्षांनी दुसऱ्या मयताला गेली होती, कारण दफनभूमीत जागा थोडी. कपडे सासूने दिले वाटून. जगात तिची म्हणून उरली होती ती चर्चच्या बुकातली एक ओळ, आणि तीही नकळत धाकटीने घेतली होती. आता आईने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की ती नव्हतीच.

"मम्मी, पेन धर."

"हे खरं नाय, ॲनिशा."

"तारीख ना? मला माहितेय. सगळ्यांच्याच शाळेच्या तारखा अशा असतात."

"तारीख खरी आहे. तुझी नाय. तुझ्या बहिणीची आहे. तिचं नाव पण ॲनिशाच होतं."

गाळ्यात टायपिंगचा आवाज बंद पडला. आपल्या आधी एक बाळ गेलं होतं एवढं ॲनिशाला माहीत होतं. नाव कोणी सांगितलं नव्हतं.

"माझ्या कागदावर तिची तारीख आहे हे तुला कधीपासून माहितेय?"

"वाचायला शिकले तेव्हापासून."

"आणि आज सांगतेस? इथे?" ॲनिशाचा आवाज चिरकला. "सही कर आणि घरी जाऊन काय रडायचं ते रड. तीन दिवस उरलेत, मम्मी!"

हिल्डाने पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. कागदावर टेकवलंही. 'हि' काढला आणि हात पुढे जाईना.

"मेलेल्या पोरीसाठी जिवंत पोरीचं वाटोळं करतेस तू," ॲनिशा म्हणाली.

ॲनिशाचं म्हणणं खोटं नव्हतं. हिल्डाने पेन खाली ठेवलं. वकिलांनीच हळूच कागद ओढून घेतला. "आता मावशींनी सही केली तरी माझा शिक्का बसायचा नाही, ताई. मी ऐकलं ना सगळं. सत्त्याण्णवच्या नोंदीत तुमचं नाव घालायचं, मग शाळा, सरकारी गॅझेट, पासपोर्ट, सगळीकडे तारीख बदलायची. सरळ रस्ता तोच. आठ-दहा महिने धरा."

"तोवर जागा राहील?"

वकिलांनी विनिताकडे पाहिलं. विनिता म्हणाली, "सांगता येत नाही."

ॲनिशा एकटीच रिक्षात बसून गेली. नऊ दिवस ती आईशी बोलली नाही. इथल्या नोकरीत नाइट ड्यूटी मागून घेतली, म्हणजे दिवसा झोपता येईल आणि तोंड बघायला नको. वीस तारीख आली आणि गेली. जर्मनीच्या इस्पितळाचं पत्र आलं, जागा दुसऱ्या मुलीला दिली म्हणून. टोनी येऊन आईला बोल लावून गेला. हिल्डाने ऐकून घेतलं. आपण बरोबर केलं असं तिलाही वाटत नव्हतं. रात्री जाग आली की ती म्हणायची, बारा वर्षं आधी तोंड उघडलं असतं तर दोघींचं भलं झालं असतं.

दहाव्या दिवशी ॲनिशा ड्यूटीवरून आली आणि चपला न काढता दारातच उभी राहिली.

"चर्चमध्ये गेले होते. बाप्तिस्म्याच्या बुकात मी पण आहे. दीड वर्षांनंतरच्या पानावर." मग पिशवीतून कागद काढत, "मयतांच्या बुकात ती आहे. फादरनी दाखला लिहून दिलाय. तुझ्या तोंडून पण लागेल, वकील म्हणतात. दोघी होत्या हे सिद्ध झालं तरच माझी तारीख बदलेल."

"जर्मनी?"

"बघू. पुन्हा अर्ज करीन. तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नको."

"नाय समजत," हिल्डा म्हणाली. "चहा टाकू?"

"टाक."

दुसऱ्या दिवशी दोघी वकिलांच्या गाळ्यात गेल्या. नवा मजकूर टाईप झाला. हिल्डाने प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, आणि या वेळी कोणी घाई केली नाही. तिसऱ्या कलमाशी ती थांबली, तशी ॲनिशा शेजारी वाकली आणि तीही वाचू लागली. मग हिल्डाने सही केली, पूर्ण नावाची. तिसरं कलम असं होतं:

'माझी पहिली मुलगी ॲनिशा सेबॅस्टियन तुस्कानो ही सात महिन्यांची असताना दिनांक १९ ऑगस्ट १९९६ रोजी उमेळे येथे राहत्या घरी तापाने मरण पावली.'