पपईच्या पानाची उलट बाजू

बाईंनी कापड उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटाने चाचपत विचारलं, "सिस्टर, या पानाला झालंय काय?"

"का हो? काय झालं?"

"तेच तर मी विचारतेय. अपघातात सापडलं होतं का? टाके किती पडले?"

"चौतीस."

"आणि गाठी?"

सिस्टर खाली बघत म्हणाली, "चौतीस."

वर्गात हशा पिकला. पोस्टातल्या ताई तर रिंग बाजूला ठेवून हसल्या. आयुष्यभर पोस्टाच्या काउंटरवर शिक्के मारल्यामुळे त्यांचं बोलणंही ठप्पकन उमटायचं. "एकेक टाका रजिस्टर करून पाठवलास की गं तू!" त्या म्हणाल्या.

भरतकामाचा हा वर्ग दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर भरायचा. एक लांबलचक टेबल, बारा खुर्च्या, त्यातली एक लंगडी, आणि भिंतीशी दोऱ्यांच्या लडींनी भरलेलं कपाट. या वर्गाची रीत जगावेगळी होती. काम संपलं की प्रत्येकीने आपलं कापड टेबलावर पालथं टाकायचं आणि बाईंनी फक्त उलट बाजू बघायची. सुलट बाजूकडे त्या ढुंकूनही पाहत नसत. "पुढून काय, सगळ्याच देखण्या दिसतात," असं म्हणून त्या गाठी, लोंबणारे दोरे आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे मारलेल्या लांब उड्या शोधून काढत. त्यांच्या हाताखालच्या एकीची उलट बाजू म्हणे इतकी साफ आली, की तिने टेबलक्लॉथ चुकून उलटाच अंथरला आणि तीन वर्षं घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या वर्षी आलं तेव्हा नवरा म्हणाला, आता राहू दे, सवय झालीय.

अशा वर्गात सिस्टर नऊ वर्षं टिकून होती आणि नऊ वर्षं नापास होत होती.

त्याला कारण होतं. इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत तिने एकतीस वर्षं काढली होती. डॉक्टर जेवायला गेले की नेमके फाटकी ढोपरं आणि फुटक्या कपाळांचे लोक यायचे, आणि मग टाके घालायची ती सिस्टरच. जखमेचा टाका एकटा असतो. तो घातला की तिथल्या तिथे गाठ मारायची, दोरा कापायचा आणि मग दुसरा. एक तुटला तरी बाकीच्यांनी दम धरला पाहिजे. एकतीस वर्षं हाताने हेच केलं होतं, आणि आता त्याच हाताला पान दिलं तर तो पानही शिवून बरं करायला बघायचा.

टाका जमत नव्हता, तरी वर्गाचं तिच्यावाचून पान हलत नव्हतं. तिची नजर अजून गरुडाची, त्यामुळे अकरा जणींच्या सुया ओवून द्यायची ती. चहा ओतायची ती. कुणाच्या बोटात सुई घुसली की पट्टीही तीच बांधायची, आणि ती इतकी सुबक, की बोट बरं झाल्यावरही पोस्टातल्या ताई महिनाभर पट्टी काढायला तयार नव्हत्या. आणि हे सगळं अंगात इस्पितळाचा पांढरा ॲप्रन घालून. निवृत्त होताना तो परत करायचा होता. तिने केला नाही. वर्गात कुणी तिला ॲप्रनशिवाय पाहिलंच नव्हतं. ती आंघोळही त्यातच करते, असं पोस्टातल्या ताईंचं ठाम मत होतं.

तर त्या वर्षी वाचनालयाने वर्गाला काम दिलं. मोठी वाचनखोली आणि मुलांची खोली यांच्यामधल्या दाराला पडदा हवा होता. पडद्यावर बारा चौकोन, बारा चौकोनांत बारा झाडांची पानं. दाराचा पडदा म्हणजे दोन्हीकडून दिसणार. बाईंच्या अंगात वीज संचारली. अकरा पानं भरून झाली आणि बारावी, पपईच्या पानाची मालकीण, लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. पपईचं पान म्हणजे महाकटकट. हाताच्या पंजासारखी बोटं, प्रत्येक बोटाला फाटे आणि फाट्याफाट्याला शिरा. ते पान कुणालाच नको होतं. सिस्टरला मात्र हवं होतं. त्यासाठीच तिने घरून नमुना भरून आणला होता, चौतीस गाठींचा.

वर्ग सुटल्यावर तिने बाईंना जिन्यातच गाठलं.

"बाई, मला एक संधी द्या ना."

"अगं, दारावर लागणारंय ते. कायमचं."

"म्हणूनच तर."

"म्हणजे?"

सिस्टरने कठडा धरला. "मी हजारोंनी टाके घातले असतील, बाई. एकही राहिला नाही. आठवडा झाला की ज्याचे त्याला बोलवायचं आणि चिमट्याने काढून ट्रेमध्ये टाकायचे. चांगले बसले म्हणूनच काढायचे ना ते! आता एक तरी राहू दे कुठेतरी."

बाईंनी दोन पायऱ्या उतरून मागे पाहिलं. "तीन गुरुवार आहेत. तिसऱ्या गुरुवारी इथे बसून भरायचं, माझ्यासमोर. उलट बाजू साफ नसेल तर उसवून मी भरीन. रडायचं नाही."

"नाही रडणार."

"आणि मला चहा पाजून वळवायचं नाही."

"ते मात्र सांगता येत नाही," सिस्टर म्हणाली.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याच्या सातही रुमालांवर पपईची पानं भरली. रुमाल संपले तेव्हा उशांचे अभ्रे घेतले. अभ्रे संपले तेव्हा दिव्याची झालर, आणि शेवटी पायमोजे. नवरा दोन्ही पायांत पपई घालून फिरायला गेला तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, बाग-बिग घेतली की काय? पण प्रत्येक पानाच्या पाठीशी गाठींची रांग ती होतीच.

नवरा निवृत्त वायरमन. तो चार दिवस बघत राहिला आणि पाचव्या दिवशी त्याला राहवेना.

"अगं, दर वितीला जॉइंट कशाला मारतेस?"

"अहो, सुटेल ना मग!"

"सुटत नाही. जॉइंट जितके जास्त तितकी कटकट जास्त. मी आख्ख्या इमारतीत वायर ओढली, ती अशी थांबत थांबत? एका दमात पुढं न्यायची."

"वायर तुटली तर रक्त येतं का हो?"

"पानाला तरी कुठं येतंय?" नवरा म्हणाला आणि तिच्याशेजारी स्टूल ओढून बसला. "मी आहे इथं. तुझा हात गाठीकडे वळला की मी सांगतो."

मग पंधरा दिवस त्या घरात एकच संवाद चालला. तिचा हात थबकायचा, दोरा बोटाभोवती फिरायला लागायचा, आणि वर्तमानपत्रामागून आवाज यायचा, "पुढं चल." पहिल्या दिवशी तो दोनशे वेळा म्हणाला. नंतर नंतर पेपर वाचता येईल इतकी उसंत मिळू लागली.

तिसरा गुरुवार उजाडला. शनिवारी पडदा लागायचा होता. सायीच्या रंगाचा तो मोठा पडदा लांब टेबलावर पसरला आणि बारावा चौकोन सिस्टरच्या मांडीवर आला. तिने तिथे रिंग बसवली, स्क्रू आवळला, खिडकीकडे खुर्ची सरकवली आणि दोन वाजता पहिला टाका घातला.

बाकीच्या अकरा जणींना काम नव्हतं, पण घरी कोणी गेलं नाही. चहा कुणी ओतला नाही, कारण ओतणारी टाका घालत होती. पोस्टातल्या ताईंनी टेबलावरचा दिवा उचलून तिच्या डोक्यावर धरला आणि तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत साडेतीन तासांहून जास्त वेळ धरून ठेवला.

"हात दुखत नाही का हो तुमचा?" सिस्टरने मान वर न करता विचारलं.

"गप भर. मी बोलले तर तू गाठ मारशील."

अधूनमधून सिस्टर स्वतःशीच पुटपुटायची, "पुढं चल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लंगड्या खुर्चीवर बसलेली एकजण दचकून पुढे सरकली. नंतर सगळ्यांनाच त्याची सवय झाली. दोरा संपला की सिस्टर त्याचं टोक आधीच्या टाक्यांखाली सरकवून लपवायची, जणू आयुष्यभर हेच करत आली होती. पपईची बोटं एकेक करून हिरवी होत गेली. सहाला वीस कमी असताना तिने शेवटची शीर ओढली, कात्रीने दोरा कापला आणि म्हणाली, "झालं."

टाळ्या पडल्या. बाई हात पुढे करून म्हणाल्या, "आण इकडे. बघू दे उलट बाजू."

सिस्टर उठली. तिच्याबरोबर पडदाही उठला.

तो बाराच्या बारा पानांसकट टेबलावरून घसरला, जाताना सुयांचा डबा, बाईंचं चष्म्याचं घर आणि दोन रिकामे कप घेऊन गेला.

"अगं, पडदा सोड!" पोस्टातल्या ताई ओरडल्या.

"मी धरलाच नाहीये!" सिस्टरने दोन्ही हात वर केले. पडदा तिच्या पोटाला चिकटून लोंबत राहिला.

अकरा डोकी वाकली. झालं होतं असं, की दोन वाजता रिंग आवळताना पडद्याखाली ॲप्रनचा घोळही रिंगमध्ये सापडला होता. पांढऱ्यावर साय-रंग, कुणाला कळणार? सिस्टरचा खालचा हात सबंध वेळ ॲप्रनच्या खाली होता आणि पपईचं आख्खं पान पडद्यातून आणि ॲप्रनमधून आरपार शिवलं गेलं होतं.

बाई लंगड्या खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांना हसताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं की त्यांना काहीतरी होतंय, आणि सिस्टर पडद्यासकट त्यांची नाडी बघायला धावली. त्यावर हसण्याचा असा कल्लोळ उठला, की खालून ग्रंथपाल तोंडावर बोट ठेवत वर आले. त्यांनी दारातून एका बाईला पडदा नेसलेली पाहिलं आणि तसंच तोंडावर बोट ठेवून ते परत खाली गेले.

मग हसू ओसरलं. बाईंनी डोळे पुसले आणि उसवायची चिमुकली कात्री उचलली.

"उसवावं लागेल गं. दुसरा इलाज नाही. मी भरते उद्या दिवसभर बसून. तुझा दोष नाही."

कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं. सिस्टरने वरून आपला हात ठेवला.

"टाके नाही काढायचे, बाई."

"अगं, मग ॲप्रन कापावा लागेल. मधोमध."

पोस्टातल्या ताईंनी एवढा वेळ धरलेला दिवा खाली ठेवला. "दुसरं काहीतरी सुचेल," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज ठप्पकन उमटला नाही. "तो तुझा... तो असू दे गं."

सिस्टरने गळ्यामागची गाठ सोडली, कमरेची सोडली, आणि ॲप्रन पडद्यासह टेबलावर पालथा घातला. काखेपाशी लाँड्रीचा नंबर होता, धुऊन धुऊन निम्मा उडालेला. तो तिने अंगठ्याने सरळ केला.

"मोठी कात्री द्या," ती म्हणाली. "या कात्रीने उद्या उजाडेल."

तिने रिंग काढली आणि चौकोनाच्या कडेकडेने ॲप्रन कापला. चार कोपरे, चार सरळ रेषा. तिचा हात कुठेही हलला नाही. एकतीस वर्षांत किती जणांचे रक्ताने भिजलेले कपडे तिने असेच कापले असतील, न दुखवता, भराभर. ॲप्रनचं राहिलेलं कापड तिने घडी करून पिशवीत ठेवलं आणि ती बाजूला झाली. "हं. आता बघा."

पांढऱ्या कापडावर पपईचं पान उलटं उमटलं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे मिटून बोट फिरवायला सुरुवात केली. देठापासून पहिल्या बोटाच्या टोकापर्यंत. परत देठाशी. दुसरं बोट. खाली वाचनालयात कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढाच आवाज झाला. सातव्या बोटाच्या टोकाशी बाईंचं बोट थांबलं.

"एक गाठ आहे."

सिस्टरचा चेहरा उतरला. "कुठे?"

"अगदी शेवटी." बाईंनी डोळे उघडले. "ती लागतेच. नाहीतर सुटेल ना गं सगळं."

पोस्टातल्या ताईंनी टेबलावर अशी मूठ आपटली, की उरलेल्या सुयाही खाली सांडल्या. "पास!"

शनिवारी पडदा लागला. पाहुणे आले, त्यांनी सुलट बाजूचं कौतुक केलं आणि उलट बाजू न बघताच फराळाकडे वळले. मुलांनी मात्र पहिल्या पाच मिनिटांत पडद्यातून चाळीस वेळा धावाधाव केली. पलीकडून एका मुलीने ग्रंथपालांना विचारलं, "इथेच हे पांढरं कापड का लावलंय?" ग्रंथपाल त्या गुरुवारी माडीच्या दारातून पडदा नेसलेली बाई पाहून आले होते. ते म्हणाले, "तिथे जास्त मजबुती हवी होती."

पुढच्या गुरुवारी माडीवर नेहमीसारख्या सगळ्या जमल्या. दोनला पाच कमी असताना दारात पिवळ्या फुलांचा ड्रेस घातलेली एक बाई उभी राहिली.

"कोण पाहिजे?" पोस्टातल्या ताईंनी विचारलं, आणि मग त्यांनीच कपाळावर हात मारला. "अगंबाई! पिवळा? इतकी वर्षं आत पिवळा होता?"

"कधी हिरवाही असायचा," सिस्टर म्हणाली.

बाईंनी तिच्यापुढे एक नवं, कोरं, मोठं कापड ठेवलं. तिने आधी अकरा सुया ओवल्या. मग चहा ओतला, कप विसळले. ओले हात पुसायला सवयीने पोटाशी गेले आणि मध्येच थबकले. तिने एकदा खाली पाहिलं. मग ते तिने पिवळ्या फुलांवरच पुसले, दोन्ही बाजूंनी, चांगले कोरडे होईपर्यंत, आणि रिंग उचलली.